गॅरेजमध्ये काम झाले नाही आणि बिल मात्र जवळपास तिप्पट आले, तर काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिंचवडच्या एका गृहस्थांनी आपली नऊ वर्षे जुनी पेट्रोलवरची छोटी मोटार घराजवळच्या गॅरेजमध्ये दोन तक्रारींसाठी दिली. पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड आवाज येत होता आणि एसी पूर्वीसारखा थंड करत नव्हता. तोंडी अंदाज साडेआठ हजारांचा मिळाला आणि शुक्रवारी गाडी देतो असा शब्दही मिळाला. प्रत्यक्षात गाडी अकरा दिवसांनी हातात आली, मधल्या काळात फोन उचलले गेले नाहीत, बिल २३,४०० रुपयांचे झाले आणि खडखड जशीच्या तशी राहिली. विचारणा केल्यावर "गाडी जुनी आहे, आवाज येणारच, पटत नसेल तर दुसरीकडे न्या" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी गावी जायचे असल्याने त्यांनी पैसे भरून गाडी घेतली, आणि आता पुढे काय करता येईल असे ते विचारत आहेत.

मी पुण्यात चोवीस वर्षे स्वतःचे गॅरेज चालवले. आता ते धाकटा भाऊ पाहतो आणि मी वादात सापडलेल्या गाड्या तपासून लेखी अभिप्राय देतो. त्यामुळे मिस्त्रीची अडचण मला कळते आणि गिऱ्हाइकाचा संतापही कळतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे, ती अशी की माणूस गॅरेजवर परत जातो तेव्हा तो सगळ्यात आधी स्वतःला लागलेले बोलणे काढतो, "तुम्ही माझ्याशी असे बोललातच कसे" इथून सुरुवात होते, आणि पाच मिनिटांत दोघांचेही आवाज चढून गाडीचा विषय बाजूला पडतो. तुमच्या तक्रारीत उद्धट वागणूक, उशीर आणि न झालेल्या कामाचे घेतलेले पैसे अशा तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन्ही खऱ्या आहेत, पण त्यांच्या जोरावर पैसे परत मिळणे अवघड असते. तिसरी गोष्ट मात्र तपासता येते, मोजता येते आणि दाखवता येते. म्हणून पुढचे काही दिवस सगळे लक्ष तिच्यावर ठेवा.

आज करायचे काम एकच आहे, आणि ते म्हणजे गाडीला दुसऱ्या कोणाचाही पाना लागू न देणे. चिडलेला माणूस तडक दुसऱ्या गॅरेजमध्ये जातो, तिथला मिस्त्री "कोणी केले हे काम?" असे म्हणून दहा मिनिटांत सस्पेन्शन खोलतो, आणि त्या क्षणी पहिल्या गॅरेजवाल्याला आयते उत्तर मिळते की आमच्याकडून गाडी नीट गेली होती, नंतर कोणी काय केले ते आम्हाला माहीत नाही. दुसऱ्या जाणकाराला गाडी दाखवायला हरकत नाही, किंबहुना ती दाखवलीच पाहिजे, पण फक्त लिफ्टवर चढवून, काहीही न खोलता. बहुतेक व्हील अलाइनमेंटच्या दुकानांत लिफ्ट किंवा खड्डा असतो आणि थोडे पैसे देऊन खालून पाहू देतात. जाताना मोबाइलवर एक सलग चित्रीकरण करा. त्यात आधी नंबर प्लेट, मग किलोमीटरचा आकडा आणि मग न थांबता गाडीखालचे भाग दिसले पाहिजेत. तुकड्यातुकड्यांत काढलेले फोटो कोणत्याही गाडीचे असू शकतात, त्यामुळे सलगपणा महत्त्वाचा आहे.

तुमच्या बिलात लोअर आर्मच्या जोडीचे ७,२०० रुपये लावलेले आहेत, तेव्हा लिफ्टखाली उभे राहिल्यावर सर्वांत आधी तिकडे पाहा. लोअर आर्म म्हणजे चाकाला चॅसीशी जोडणारा लोखंडी हात. त्याच्या आतल्या टोकाला रबरी बुश असतात आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट. हा हात बदलायचा तर त्याचे मोठे बोल्ट सोडवावेच लागतात, आणि नऊ वर्षांच्या गाडीतला बोल्ट सुटताना खुणा ठेवल्याशिवाय सुटत नाही. बोल्टच्या सहाही कडांवर पान्याचे चकचकीत ओरखडे उमटतात, भोवती साचलेला चिखलाचा थर तुटतो आणि कधी कधी गंजाचा ताजा तांबूस भुगा खाली पडलेला दिसतो. बोल्टच्या डोक्याभोवतीची धूळ सिमेंटसारखी अखंड बसलेली असेल, कडा सगळ्या बाजूंनी सारख्याच काळपट असतील, तर तो बोल्ट कित्येक महिन्यांत कोणी हलवलेला नाही. नव्या आर्मच्या रबरावर साच्याची बारीक रेघ आणि मऊ काळेपणा असतो, तर जुन्या रबरावर नखाने जाणवतील अशा भेगा असतात. जुनाच आर्म तारेच्या ब्रशने घासून काळा रंग मारून बसवला असेल तर रंगाचे ओघळ रबरावर आणि बॉल जॉइंटच्या रबरी टोपणावरही आलेले दिसतात, कारण घाईत रंग मारणारा ते झाकून घेत नाही. या तीनपैकी जे दिसेल त्याचे जवळून चित्रीकरण करा. पार्ट खरोखर नवा असल्याचे दिसले, तर तेही मोकळेपणाने मान्य करून यादीतून ती तक्रार काढून टाका, म्हणजे तुमच्या उरलेल्या म्हणण्याला वजन येईल.

आवाजाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण गॅरेजवर परत गेल्यावर तुम्ही काय शब्द वापरता यावर बरेच अवलंबून आहे. "आवाज गेलाच नाही" या वाक्याला "कुठला आवाज, मला तर ऐकू येत नाही" हे उत्तर ठरलेले आहे. त्यापेक्षा आवाज कधी येतो ते आधी स्वतः पक्के करा. हळू वेगात बारीक खाचखळग्यांवरून जाताना कोरडी टकटक येत असेल, तर पहिला संशय स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांडीच्या) लिंक रॉडवर घ्यावा, आणि तो या यादीतला सर्वांत स्वस्त भाग आहे. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर कटकट होत असेल, तर शॉकअॅब्सॉर्बरच्या वरचे माउंट आणि त्यातले बेअरिंग पाहावे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे नेताना ठरावीक लयीत कटकट येत असेल, तर तो अॅक्सलचा बाहेरचा जॉइंट असतो. खडबडीत रस्त्यावर ब्रेकवर हलकासा पाय ठेवताच आवाज बंद होत असेल, तर दोष सस्पेन्शनमध्ये नसून ब्रेकचे पॅड किंवा कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना सैल असल्याचे ते लक्षण आहे. ही शेवटची चाचणी कोणालाही करता येते, तिला एक पैसाही लागत नाही, आणि तरीही ती न करता हजारो रुपयांचे आर्म बदलले गेलेले मी कितीतरी वेळा पाहिले आहे. मागे कोणी नसताना, मोकळ्या रस्त्यावर, तासाला वीसच्या वेगाने ती करा. आवाज येतानाचे ध्वनिमुद्रण सोबतच्या माणसाकडून करून घ्या.

एसीच्या बाबतीत बिलात गॅसचे १,८०० रुपये आहेत आणि गळती तपासल्याचा उल्लेख कुठेच नाही. हा प्रकार इतका सर्रास चालतो की लोकांना तो नियमच वाटू लागला आहे. एसीची यंत्रणा बंदिस्त असते, तिच्यातला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो निम्म्यावर आला असेल तर कुठून तरी गळला आहे, आणि ती जागा शोधल्याशिवाय नवा गॅस भरणे म्हणजे पंक्चर न काढता हवा भरण्यासारखे आहे. महिन्या-दोन महिन्यांत गारवा पुन्हा कमी झाला तर ती तारीख लिहून ठेवा. गॅस कमी नसतानाही थंडावा कमी लागण्याचे एक साधे कारण म्हणजे डॅशबोर्डमागचा धुळीने तुंबलेला केबिन फिल्टर, तोही एकदा उघडून पाहण्यासारखा आहे.

आता बिलाकडे वळू. तुम्ही कळवल्याप्रमाणे लिंक रॉड २,४००, लोअर आर्म ७,२००, शॉकअॅब्सॉर्बरची वरची माउंट २,६००, एसी गॅस १,८००, इंजिन फ्लश (इंजिन आतून साफ करणे) ९००, कन्झ्युमेबल्स २,००० आणि मजुरी ६,५०० असा तो हिशोब आहे, आणि कागदाच्या माथ्यावर "बिल" या शब्दाऐवजी "एस्टिमेट" असे छापलेले आहे. पैसे घेतल्यानंतर एस्टिमेटचाच कागद हातात देणे ही जुनी क्लृप्ती आहे. त्यामुळे व्यवहार पुस्तकात दिसत नाही आणि उद्या वाद झाला तर "तो फक्त अंदाज होता" असे म्हणता येते. गॅरेज जीएसटीसाठी नोंदणीकृत असेल तर २०० रुपयांवरच्या कामाला तुम्ही न मागताही रीतसर बिल देणे त्यावर बंधनकारक आहे. नोंदणीकृत नसेल, आणि वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान गॅरेजला नोंदणीची सहसा गरज नसते, तर त्याला बिलात जीएसटी लावण्याचा अधिकारच नाही. नोंदणी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. तो सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहिला की दुकानाचे नाव लगेच दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवरचा कर १८ टक्के झाला आहे आणि मजुरीवरही तोच दर आहे, त्यामुळे कोणी अजून काही भागांवर २८ टक्के लावत असेल तर तिथेच थांबवा.

याच ओघात एक गोष्ट सांगतो, जी फार कमी लोक तपासतात. सुट्या भागाच्या खोक्यावर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व कर धरून असते. तरीही अनेक बिलांत ती छापील किंमत घेऊन तिच्यावर पुन्हा जीएसटी लावलेला असतो. हे बेकायदा आहे आणि त्याची तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे करता येते. म्हणून नव्या पार्टची खोकी मागून घेत जा. त्यावर किंमत असते, पार्ट क्रमांक असतो, उत्पादनाचा महिना असतो, आणि हे तिन्ही बिलाशी ताडून पाहायला दोन मिनिटे पुरतात. नाना पेठेतून, म्हणजे पुण्यातल्या सुट्या भागांच्या बाजारातून, आणलेला दुसऱ्या कंपनीचा पार्ट वाईटच असतो असे मुळीच नाही, मी स्वतः वर्षानुवर्षे चांगल्या बनावटीचे असे पार्ट वापरले आहेत. पण मूळ कंपनीच्या पार्टचे पैसे घेऊन दुसरा बसवणे ही सरळ फसवणूक आहे. "इंजिन फ्लश" तुम्ही मागितला नव्हता आणि "कन्झ्युमेबल्स" म्हणजे ग्रीस, स्प्रे, चिंध्या यांचे दोन हजार रुपये होत नाहीत. या दोन नोंदींचे मिळून २,९०० रुपये, त्यांचा हिशोब मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

एवढी तयारी झाली की मूळ गॅरेजमध्येच परत जा. हे अनेकांना पटत नाही, पण दोष दुरुस्त करण्याची एक रास्त संधी त्यांना देणे न्यायाचेही आहे आणि तुमच्या फायद्याचेही, कारण पुढे कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न "तुम्ही त्यांना कळवले होते का" हाच येतो. शनिवारी किंवा सोमवारी सकाळी जाऊ नका. शनिवारी डिलिव्हरीची गर्दी असते, सोमवारी नव्या गाड्या लागतात. मंगळवार ते गुरुवार दुपारी तीनच्या सुमारास मालकाला थोडी उसंत असते. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यातही टाळा, कारण खंडेनवमीच्या पूजेआधी सगळ्यांनाच गाडी धुऊन-पुसून हवी असते. काउंटरवरच्या मुलाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात काही नसते. मालकांना किंवा ज्या मिस्त्रींनी काम केले त्यांना भेटा आणि "साहेब, पाच मिनिटे माझ्यासोबत गाडीत बसा, आवाज ऐकवतो" एवढेच म्हणा. ज्या रस्त्यावर आवाज येतो तो आधीच हेरून ठेवा.

या पाच मिनिटांचे मोल मला माझ्याच चुकीने शिकवले. एका पावसाळ्यात ब्रेकच्या कामासाठी आलेली एका शिक्षिकेची गाडी आम्ही परत दिली आणि दुसऱ्याच दिवशी त्या सांगत आल्या की पुढून खट्ट असा आवाज येतो. त्या दिवशी गॅरेजमध्ये अकरा गाड्या उभ्या होत्या. मी हातातले काम न सोडता त्यांना म्हणालो, "बाई, नवे पॅड आहेत, बसायला वेळ लागतो." त्या गेल्या नाहीत. बाकावर बसून राहिल्या आणि तासाभराने पुन्हा शांतपणे म्हणाल्या की एकदा माझ्यासोबत चला. मी गेलो. पहिल्याच गतिरोधकावर तो आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा आला. चाक काढले तर कॅलिपरचा खालचा बोल्ट निम्मा बाहेर आलेला होता. मुलाने तो हाताने लावला होता आणि आवळायचा राहून गेला होता. त्या बाईंनी आवाज चढवला असता तर मी वाद घालत बसलो असतो आणि त्या तशाच गाडी घेऊन निघून गेल्या असत्या. त्या दिवसापासून आमच्याकडे ब्रेक आणि स्टिअरिंगचा प्रत्येक बोल्ट आवळल्यावर त्यावर खडूची रेघ मारली जाते आणि ती दुसऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय चाक चढत नाही. तुमचा आवाज ब्रेकच्या चाचणीत बंद होत असेल, तर मात्र दिवस-वेळ न पाहता लगेच गॅरेजला कळवून त्यांच्यासमोर चाक काढायला लावा. ते तयार नसतील तर पुरावा जपायचा हा सगळा विचार बाजूला ठेवून जवळच्या जाणकाराकडून आधी ब्रेक नीट करून घ्या.

भेट कशीही होवो, त्याच दिवशी लेखी कळवा. व्हॉट्सअॅप चालेल, त्याची तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. मजकूर असा असावा: "दिनांक अमुक रोजी माझी अमुक क्रमांकाची गाडी पुढच्या डाव्या बाजूचा आवाज आणि एसीचा कमी गारवा या दोन तक्रारींसाठी आपल्याकडे दिली. तोंडी अंदाज ८,५०० रुपये सांगितला होता. वाढीव कामासाठी माझी संमती घेतलेली नाही. मी २३,४०० रुपये दिले असून मूळ आवाज कायम आहे, त्याचे ध्वनिमुद्रण सोबत पाठवत आहे. कृपया सात दिवसांत जादा मजुरी न घेता दोष दूर करावा, बदललेले जुने भाग आणि नव्या भागांची खोकी द्यावीत, रीतसर बिल द्यावे आणि न सांगितलेल्या कामाचे २,९०० रुपये परत करावेत." यात चोर, लुटारू, फसवे असा एकही शब्द नको आणि धमकीही नको. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक प्रकरणे या टप्प्यावर मिटतात, कारण तारखा आणि आकडे असलेला मजकूर वाचल्यावर मालकाला कळते की हा माणूस पुढे जाऊ शकतो.

जुने भाग मागताना संकोच करू नका. गाडीतून काढलेला भाग तुमच्या मालकीचा असतो. बॅटरी, स्टार्टर, अल्टरनेटर यांच्यासारखे भाग जुना परत देऊन कमी किमतीत घेतले असतील तर गोष्ट वेगळी. एरवी "भंगारात गेले" या उत्तरावर भंगाराचे पैसे बिलातून वजा झाले का, एवढा प्रश्न विचारावा.

तुम्ही पैसे भरून गाडी सोडवलीत याबद्दल कोणी तुम्हाला दोष देईल, पण मी देणार नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार ज्याने वस्तूवर कौशल्याचे काम केले त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते, त्यामुळे भांडण करून गाडी बाहेर काढायला गेलेला माणूस अडचणीत येऊ शकतो. हा अधिकार ठरलेल्या कामाच्या मोबदल्यापुरता आहे. न सांगितलेल्या कामासाठी किंवा आधी न ठरलेल्या पार्किंगच्या भाड्यासाठी त्या कलमाचा आधार मिळत नाही. मात्र संध्याकाळी सात वाजता काउंटरवर कायद्याची ही बारीक रेघ कोणी मानत नाही. अशा वेळी पैसे यूपीआयने द्यावेत, म्हणजे नोंद राहते, आणि बिलाच्या दोन्ही प्रतींवर "हरकत राखून रक्कम अदा केली" असे लिहून सही करावी. त्यांनी आपल्या प्रतीवर लिहू दिले नाही तर तेच वाक्य लगेच संदेशाने पाठवावे. तुम्ही तसे केले नसले तरी काही बिघडले नाही, आताचा लेखी संदेश तेच काम बऱ्याच अंशी करेल.

सात दिवसांत काहीच झाले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती मराठीतूनही नोंदवता येते आणि तिला खर्च नाही. पण तिच्या मर्यादाही सांगतो. हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देऊ शकत नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तिचा उपयोग चांगला होतो, तर गल्लीतल्या गॅरेजवर तिचा दबाव कमी पडतो. तरीही तक्रार क्रमांक मिळतो आणि तुमच्या कागदांत एक भर पडते. पुण्यात १९७४ साली सुरू झालेल्या ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांकडे जाण्याचा सल्ला मी याच टप्प्यावर देतो, कारण पत्र कसे लिहावे आणि समोरच्याला चर्चेला कसे बसवावे हे त्यांना वर्षानुवर्षांच्या सरावाने येते.

त्यापुढचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात सेवेतील त्रुटीबरोबरच, केलेल्या सेवेचे बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा मानलेली आहे. तुमचा एस्टिमेटचा कागद इथे त्यांच्याच विरुद्ध जातो. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून दाखल करता येते आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकच रिक्षा किंवा टॅक्सी चालवणाऱ्यांनाही हा कायदा ग्राहक मानतो, हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्यापैकी अनेकांना "तुमची गाडी धंद्याची आहे" असे सांगून परत पाठवले जाते, आणि गाडी अकरा दिवस उभी राहिल्याचा खरा मार त्यांच्या चुलीवर बसतो.

आयोगात जावे का, याचे माझे प्रामाणिक मत असे आहे. कायद्यात तक्रार तीन ते पाच महिन्यांत निकाली काढावी असे म्हटले असले तरी प्रत्यक्षात तारखा लांबतात. लोअर आर्म बदललेच नाहीत असे तपासणीत निघाले, तर रक्कम लहान असली तरी जरूर जा, कारण तो सरळ खोटेपणा आहे आणि पुरावा तुमच्या बाजूचा आहे. पार्ट बदललेले आहेत पण निदान चुकले, असे निघाले तर तडजोडीवर भर द्या. मजुरीचा काही भाग परत आणि आवाजाच्या खऱ्या दोषाचे काम फुकट, एवढ्यावर मिटवणे शहाणपणाचे ठरेल. दोन्ही बाबतींत त्रयस्थ जाणकाराचा लेखी अभिप्राय लागतो. त्यावर तारीख, किलोमीटर, काय पाहिले आणि कसे पाहिले हे असले पाहिजे. "काम निकृष्ट आहे" एवढे एक वाक्य लिहून सही-शिक्का मारलेला कागद कोणाच्याही उपयोगाचा नसतो.

गॅरेजवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट बोललो नाही तर अन्याय होईल. अकरा दिवस लागण्यामागे नेहमी आळस किंवा लबाडी नसते. लहान गॅरेजमध्ये दोन लिफ्ट आणि चार मुले असतात, एसीचा मिस्त्री तीन-चार गॅरेजमध्ये मिळून एकच असतो, लेथचे काम बाहेर जाते, चुकीचा पार्ट आला तर तो परत करून दुसरा आणण्यात दोन दिवस जातात, आणि गिऱ्हाईक तुटेल या भीतीने मालक कोणालाही नाही म्हणत नाही. हे सगळे समजण्यासारखे आहे. फोन न उचलणे समजण्यासारखे नाही, कारण "आज होत नाही, परवा संध्याकाळी देतो" हे सांगायला अर्धा मिनिट लागतो आणि त्या अर्ध्या मिनिटावर समोरच्या माणसाची सुट्टी, दवाखान्याची वेळ, लग्नाला जाणे अवलंबून असते.

पुढच्या वेळी गाडी देताना, मग ती याच गॅरेजला असो वा दुसऱ्या, जॉबकार्ड, म्हणजे तक्रार आणि ठरलेल्या कामाची लेखी नोंद, लिहून घेतल्याशिवाय चावी देऊ नका. छापील जॉबकार्ड नसेल तर वहीचे पान चालेल, तेही नसेल तर तुम्ही स्वतः संदेश पाठवून "बरोबर आहे ना" असे विचारा आणि त्यांचे "हो" मिळवा. त्यात तक्रार लक्षणांच्या भाषेत लिहा. "लोअर आर्म बदला" असे तुम्हीच सांगितले तर तो बदलून देणाऱ्याची जबाबदारी तिथे संपते आणि आवाज राहिला तर चूक तुमच्या निदानाची ठरते. "खड्ड्यांवर हळू जाताना डाव्या बाजूने टकटक येते, ती जायला हवी" असे लिहिले तर ती घालवणे हे त्यांचे काम ठरते. किलोमीटर, इंधनाचा काटा, स्टेपनी, बॅटरीवरचा क्रमांक यांचा एकेक फोटो काढा. "अंदाजापेक्षा एक हजाराहून जास्त खर्च होणार असेल तर आधी विचारावे" हे वाक्य अवश्य घाला. गाडी घ्यायला अंधार पडल्यावर जाऊ नका, उजेडात जा, आणि पैसे देण्याआधी मिस्त्रींना शेजारी बसवून ज्या रस्त्यावर आवाज येत होता त्याच रस्त्यावरून, काचा खाली करून आणि एसीचा पंखा बंद ठेवून, एक फेरी मारून या.